रुंद टायर नेमका घासतो कुठे? छोट्या गाडीला अलॉय टाकण्याआधीचं मोजमाप

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, बघायला गेलं, की दुकानात पहिला प्रश्न येतो, “किती इंची टाकायचे? पंधरा की सोळा?” मग डिझाइन, मग बजेट. टायर घासणार की नाही हे ज्या आकड्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं, तो या तिन्हींत कुठेच नसतो. आपणही विचारत नाही, कारण तो रिमच्या आतल्या बाजूला ओतलेला असतो आणि रिम तर चकचकीत तोंड पुढे करून भिंतीवर टांगलेली असते.

त्या आकड्याचं नाव ऑफसेट. रिमवर ‘ईटी ४५’, ‘ईटी ३८’ असं काही दिसलं, की तो हाच. त्याच्याकडे वळण्याआधी टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचू, कारण घासण्याची अर्धी भानगड तिथेच कळते.

१८५/६५ आर१५ हे माप मुंबईतल्या बऱ्याच हॅचबॅकवर दिसेल. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या रबराची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. पूर्ण चाकाची उंची काढायची तर रिमचे ३८१ मिमी अधिक वरचं आणि खालचं रबर, मिळून ६२१.५ मिमी.

हा हिशेब एकदा हातात बसला की कंपन्या काय करतात ते दिसायला लागतं. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ येतात, वरच्याला १८५/६५ आर१५. पहिल्या चाकाची उंची ६१९.६ मिमी, दुसऱ्याची ६२१.५. रिम एक इंचाने वाढली, टायर २० मिमी रुंद झाला आणि उंची बदलली जेमतेम २ मिमी. बलेनो आणि आय२० मध्येही तोच प्रकार: खाली १८५/६५ आर१५, वर १९५/५५ आर१६, आणि या सोळा इंची चाकाची उंची ६२०.९. रिम जेवढी वाढवायची तेवढं रबर कमी करायचं, चाक एकूण होतं तेवढंच ठेवायचं. चाकावरच्या कमानीतली जागा कंपनीने त्याच उंचीसाठी ठेवलेली असते.

आता समजा दुकानात १९५/६५ आर१५ तयार पडलेत आणि स्वस्तात मिळतायत. फक्त १० मिमी रुंद, काय बिघडतं? बिघडतं ते उंचीत. हे चाक ६३४.५ मिमी होतं, मूळच्यापेक्षा १३ मिमी उंच, म्हणजे चारही बाजूंनी साडेसहा मिमी मोठं. व्यासात तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो असा एक ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो आणि हे चाक त्यात बसतं; फरक दोन टक्क्यांचा आहे. पण तो ठोकताळा स्पीडोमीटरसाठी ठीक आहे. काटा १००वर असताना गाडी १०२ ने पळेल, एवढंच. चाकाच्या पुढे लायनरपर्यंत, म्हणजे कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरापर्यंत, किती जागा उरली, हे त्या तीन टक्क्यांना माहीत नसतं. रुंदी वाढवायचीच असेल तर १९५/६० आर१५ घ्या. त्याची उंची ६१५ मिमी येते, मूळच्यापेक्षा साडेसहा मिमी कमी. रुंदीने खाल्लेली जागा उंचीतून थोडी परत मिळते.

ऑफसेट म्हणजे चाक बसतं कुठे

चाक गाडीच्या हबवर, म्हणजे ज्या फिरत्या भागावर ते बसवतात त्यावर, एका सपाट बाजूने टेकतं, जिथे नट आवळतात तिथे. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य काढला, तर ही टेकणारी बाजू मध्यावर नसते, बाहेरच्या अंगाला असते. मध्यापासून ती किती मिमी बाहेर आहे, तो ऑफसेट. ईटी ४५ म्हणजे ४५ मिमी. हा आकडा मोठा असेल तेवढं चाक गाडीच्या आत शिरतं, कमी असेल तेवढं बाहेर येतं. बस्स, एवढंच लक्षात ठेवायचं: आकडा घटला, चाक बाहेर.

एक उदाहरण करून बघू. तुमच्या गाडीला समजा साडेपाच इंच रुंद रिम आहे, ईटी ४५, वर १८५ चा टायर. तुम्हाला आवडलेली रिम सात इंच रुंद आहे, ईटी ३५, आणि तिच्यावर १९५/५५ चा टायर जाणार. दोन्ही चाकांचा मध्य हबच्या हिशेबाने कुठे आहे बघा: नव्या चाकाचा मध्य १० मिमी बाहेर सरकला. आता रुंदी. टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते, आणि रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फाकतो. १९५/५५ आर१६ चं माप सहा इंची रिमवरचं, तुम्ही तो सात इंचीवर चढवताय, म्हणजे प्रत्यक्षात तो २०५ च्या आसपास भरतो. मूळ टायरपेक्षा २० मिमी जास्त, म्हणजे प्रत्येक अंगाला १०. बाहेरच्या अंगाला १० आणि १० मिळून २० मिमी, आतल्या अंगाला १० वजा १०, म्हणजे शून्य. टायर आतल्या बाजूला होता तिथेच राहिला आणि जो काही फरक पडला तो सगळा फेंडरकडे गेला.

हीच रिम ईटी ४५ मध्ये मिळाली असती, तर? बाहेर १०, आत १०. टायर तोच, रुंदी तीच, उंचीही तीच. एका गाडीत हे चाक मागच्या सीटवर माणसं बसली की कडेला घासेल, दुसऱ्या गाडीत आयुष्यभर आवाज करणार नाही. म्हणून “माझ्या मित्राच्या गाडीला २०५ बसलेत, कुठेच लागत नाहीत” या वाक्याला त्याच्या रिमची रुंदी आणि ईटी कळेपर्यंत काहीच अर्थ नाही.

बाजारातल्या बऱ्याच रिम अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून एकाच ऑफसेटमध्ये ओतलेल्या असतात. ब्रेकला आणि सस्पेन्शनला लागू नये म्हणून तो ऑफसेट थोडा कमीच ठेवतात, चाक बाहेरच्या अंगाला आलेलं बरं म्हणून. दिसायलाही तसं बरं दिसतं. पण चाक जास्त बाहेर आलं की हबच्या बेअरिंगवर वजनाचा ताण वाढतो, खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंगला हिसका बसतो. पाच-सात मिमीने काही होत नाही. वीस-पंचवीस मिमी बाहेर काढलेल्या चाकांनी बेअरिंगचं आयुष्य कमी होतं आणि भरवेगात ब्रेक मारताना गाडी हातात वेगळी वाटते.

घासण्याच्या जागा

आतल्या अंगाला पहिला धोका पुढच्या शॉकअपचा. मुंबईतल्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. त्याच्या स्प्रिंगची खालची बैठक, ती गोल पत्र्याची ताटली, टायरच्या वरच्या भागापासून हाताच्या बोटाएवढ्या अंतरावर असते. ही जागा भीतीदायक वाटते, पण मोजायला सगळ्यात सोपी हीच. स्ट्रट चाकाच्या नकलला (हब धरून ठेवणाऱ्या भागाला) घट्ट बोल्टने धरलेला असतो. चाक वर गेलं की तोही वर जातो, स्टिअरिंग फिरलं की तोही फिरतो. त्यामुळे टायर आणि स्ट्रटमधलं अंतर खड्ड्यात, वळणात, कुठेही फारसं बदलत नाही. गाडी उभी असताना मोजलंत ते खरं. इथे ५-६ मिमी सुटत असेल तर निर्धास्त राहा. दोनच मिमी सुटत असेल तर नको, कारण वळणावर टायरची बाजू थोडी फुगते आणि लोखंडाला एकदा लागायला लागली की बाजू कापत जाते.

बाहेरच्या कडेचं बरोबर उलटं. फेंडरच्या कमानीला आतून एक दुमडलेली पत्र्याची पट्टी असते. गाडी उभी असताना टायर आणि त्या पट्टीत भरपूर अंतर दिसतं, आणि दुकानातला माणूस तेच बोट घालून दाखवतो. “बघा साहेब, केवढी जागा आहे!” गाडी रिकामी आहे, चाक सरळ आहे, सस्पेन्शन आरामात उभं आहे. ही जागा दाखवण्यापुरती.

खरी परीक्षा गणपतीला गावी निघालेल्या गाडीची असते. पाच माणसं, डिकीत सामान, वर कोणीतरी दिलेली तांदळाची गोणी, आणि मुंबई–गोवा महामार्गावर पावसाने उखडलेला एखादा तुकडा. मागचं सस्पेन्शन जेवढं दबायचं तेवढं दबतं, वरून खड्डा. मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई. दोन्ही चाकं एकत्र दबली की टायरचा माथा आत न झुकता जवळजवळ सरळ वर जातो, नेमका त्या दुमडलेल्या पट्टीकडे. सीएनजीची गाडी असेल तर भर. मागून बसवलेल्या किटचा सिलिंडर आणि गॅस मिळून साठ-सत्तर किलो डिकीत कायमचे बसलेले असतात आणि स्प्रिंगा मात्र पेट्रोल गाडीच्याच. अशा गाडीच्या मागच्या कमानीतली जागा पेट्रोलवाल्याच्या जागेशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

तिसरी जागा पुढची, पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर. टायरचा कोपरा मोठा वळसा घेतो आणि पुढे बंपरजवळच्या किंवा मागे दारापाशीच्या प्लास्टिक लायनरला लागतो. चाक जितकं बाहेर बसलेलं तितका हा वळसा मोठा. इथला आवाज त्रासदायक असतो, पण धोका कमी, कारण समोर प्लास्टिक असतं. सोसायटीच्या गेटमधून गाडी काढताना, चिंचोळ्या गल्लीत वळवताना, मल्टिस्टोरी पार्किंगच्या गोल रॅम्पवर चढताना तो हटकून ऐकू येतो. रॅम्पवर जास्त, कारण तिथे चाक वळलेलंही असतं आणि एका बाजूवर वजनही आलेलं असतं.

ब्रेकची नळी आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर या दोन गोष्टी कोणी बघत नाही. चाक डावी-उजवीकडे पूर्ण वळवून त्यांना टायर शिवत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावं. लायनर घासला तर फार तर प्लास्टिक बदलावं लागेल. ब्रेकची नळी घासून फुटली तर ऐन वेळी ब्रेक दगा देतो.

पैसे देण्याआधी

सध्याच्या चाकांवर मोजा, नव्यांवर नाही. सपाट जागा शोधा, टायरमध्ये बरोबर हवा भरा. मग एका दोरीला नट बांधून ओळंबा करा आणि फेंडरच्या कडेवर दोरी धरून तो चाकाच्या मध्यासमोर सोडा. दोरीपासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंतचं आडवं अंतर मोजा. चारही चाकांचं, डाव्या-उजव्यात ३-४ मिमीचा फरक निघतो, त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका. आत स्ट्रटच्या ताटलीपासून टायरपर्यंतचं अंतर मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा दाबून काढता येतं: गोळा घट्ट बसवायचा, काढून त्याची जाडी पट्टीवर मोजायची.

मग मागे तीन धडधाकट माणसं बसवा, डिकीत अजून दोघांच्या वजनाचं काही ठेवा, आणि पुन्हा मोजा. कमानीच्या पट्टीला आतून तोच मातीचा गोळा पातळ थापून चिकटवा आणि परिसरातल्या एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून सावकाश दोन-तीनदा जा. माती किती चेपली त्यावरून सध्याचा टायर किती जवळ येतो हे कळतं. त्यातून वरच्या हिशेबाचे मिलिमीटर वजा करा. उत्तर शून्याच्या जवळ आलं तर ती रिम तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही सुंदर असो.

एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर खांद्याला सारखे नसतात हेही बघून ठेवा. एकाचा कोपरा गोल, दुसऱ्याचा चौकोनी. काठावरचा हिशेब असेल तर गोल खांद्याचा टायर तुम्हाला वाचवतो.

घासलाच तर

गॅरेजवाले पहिला उपाय सांगतात तो फेंडरची पट्टी आत दाबायचा, ‘रोल’ करायचा. हीटगनने रंग गरम करून, सावकाश, नीट केलं तर ५ ते १० मिमी जागा मिळते. घाईत केलं तर रंगाला केसाएवढ्या भेगा जातात, आणि समुद्राच्या हवेत, चार महिने पाण्यात राहणाऱ्या गाडीत गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरून काही दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी फुगवटा येतो. मुंबईत मी हा उपाय शेवटचा धरेन.

लायनर गरम करून मागे बसवणं त्यापेक्षा निर्धोक. आतल्या अंगाला लागत असेल तर ३ किंवा ५ मिमीचा स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) चालतो, पण मग नट पूर्वीएवढे आटे धरतात का ते मोजायचं. नसतील धरत तर लांब स्टड (नट ज्यावर आवळतात तो दांडा) बसवल्याशिवाय स्पेसर नको. स्टिअरिंगचं वळण कमी करणारे स्टॉपर लावायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नकार द्या. जिथे एका फेरीत गाडी वळणं मुश्कील, त्या शहरात वळणं कमी करून घ्यायचं? गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांबद्दल तर बोलायलाच नको. रुंद चाकं आणि खाली बसलेली गाडी, दोन्ही हौशी एकदम भागत नाहीत.

सगळ्यात स्वस्त उपाय एक माप लहान टायर. सात इंचीऐवजी सहा इंची रिम, २०५ ऐवजी १९५, बाजूचं रबर पुरेसं. २०५/४५ आर१७ ची उंची ६१६ मिमी येते, कागदावर तक्रार नाही. पण बाजूला रबर उरतं ९२ मिमी, मूळच्या १२० च्या जागी. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर आपटल्यावर रिम वाकायला आणि टायरला फुगा यायला हे २८ मिमी पुरतात. आणि रुंद टायर झिजले की पावसात पाण्यावर तरंगायला अरुंद टायरपेक्षा लवकर लागतात. जुलैत हायवेवर ८० च्या पुढे हे जाणवतं. छोट्या गाडीला १९५ पर्यंत मी हौस समजू शकतो. त्यापुढे फायदा दिसण्याचा, तोटा चालवण्याचा.

घासण्याशी संबंध नसलेल्या, पण त्याच दिवशी बघायच्या गोष्टी

स्विफ्ट, बलेनो, आय२० यांचं पीसीडी ४×१००, म्हणजे चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर. पोलोचं ५×१००. हे जुळल्याशिवाय रिम बसतच नाही, म्हणून त्यात सहसा चूक होत नाही. चूक होते ती मधल्या भोकात. स्विफ्ट-बलेनोच्या हबचा व्यास ५४.१ मिमी, बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा ७३.१. मधली पोकळी भरायला एक कडं मिळतं, हबसेंट्रिक रिंग. किरकोळ किमतीची वस्तू. ती न टाकता चाक नुसतं नटांवर लटकवलं तर ते किंचित तिरकं बसू शकतं. मग ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, लोक तीनदा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष जातच नाही.

नट बदलावे लागतात का तेही बघा. काही अलॉयना निमुळत्या, काहींना गोल टोकाचे नट लागतात. चुकीचा नट आवळलेला वाटतो पण पूर्ण टेकत नाही. टायरचा लोड इंडेक्स मूळच्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००, आणि हा आकडा मापाच्या शेजारीच छापलेला असतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते ते घेणं. त्यापलीकडे जाणार असाल तर विमा कंपनीला आधी ई-मेलने विचारा, तोंडी होकारावर राहू नका.

बिल्डिंगमध्ये स्टॅक पार्किंग असेल तर लोखंडी पाळण्याच्या दोन कडांमधली रुंदीही मोजून घ्या. बाहेर आलेली रिम पहिल्या आठवड्यातच तिथे खरवडते.

राहता राहिली स्टेपनी. ती जुन्याच मापाची, लोखंडी रिमची राहणार, कारण डिकीच्या खळग्यात रुंद चाक बऱ्याचदा मावतच नाही. चाकांची उंची जुळवून घेतली असेल तर पंक्चरवाल्यापर्यंत जायला ती चालते. फक्त जुने नट पिशवीत घालून तिच्याजवळच ठेवा. अलॉयचे नट लोखंडी रिमला बसतीलच असं नाही, आणि हे रात्री अकरा वाजता घोडबंदर रोडवर कळून उपयोग नाही. नवे अलॉय बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) तपासून घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर, पायाने पान्यावर उभं राहून नाही.